कोपनहेगनला कंपनीच्या कामाने चाललात? फिरायचं-खायचं असं जमवा

आपल्या जळगाव-धुळ्याकडून कोपनहेगनला जाणारे आजकाल बरेच झालेत, कोणी पंपाच्या कामाने जातं, कोणी पवनचक्कीच्या, कोणी ठिबक-पाइपवाल्या कंपनीकडून प्रदर्शनाला, सॉफ्टवेअरवाली पोरं तर आहेतच. निघायच्या आधी सगळ्यांचे प्रश्न ठरलेले, भो तिकडे व्हेज मिळतं का अन् बघायला काय आहे. मिळतं की, आणि बघायलाही भरपूर आहे, फक्त घड्याळ सांभाळावं लागतं. तिथे दुपारचं जेवण साडेअकराला, ऑफिस चारला रिकामं, म्युझियम पाच-सहाला बंद आणि बरीचशी सोमवारी उघडतच नाहीत, रेस्टॉरंटचं किचन नऊ-साडेनऊला आवरतं. आपण सवयीने रात्री साडेनऊला "चला आता कुठे जेवायचं" म्हणत हॉटेलातून खाली उतरलो की कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमधलं गारढोण सँडविच नशिबात.

टूरिस्ट लोकांसाठी लिहिलेल्या याद्या आपल्या फारशा कामाच्या नाहीत, त्यांच्याकडे अख्खा दिवस असतो. आपल्या हातात चारनंतरची संध्याकाळ आणि जमलंच तर एखादा शनिवार. त्या हिशोबानेच हे सगळं सांगतोय.

निघायच्या आधीचं

व्हिसा शेंगेनचा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण शेवटच्या पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नका, मे-जूनमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही. ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला प्रवास विमा हवाच. हाच व्हिसा स्वीडनलाही चालतो, हे लक्षात ठेवा, पुढे शनिवारी उपयोगी पडेल.

पैसे क्रोनर. डेन्मार्क युरोपियन युनियनमध्ये आहे पण युरो वापरत नाही, त्यामुळे युरोच्या नोटा घेऊन जाऊन काही फायदा नाही. एक क्रोनर साधारण १४ रुपये धरून चाला. आणि खरं सांगायचं तर क्रोनरच्या नोटांचीही गरज पडत नाही, हॉटडॉगच्या गाडीवाल्यापासून सगळीकडे कार्ड. बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करून घ्या, टॅप करून पेमेंटचं पण वेगळं बटण असतं ते विसरतात लोक. तिथले लोक मोबाइलवरून एकमेकांना पैसे पाठवतात ते त्यांच्या नंबरवर आणि बँकेवर चालतं, आपलं यूपीआय तिथे गप्प.

प्लगचं सोपं आहे. आपला गोल दोन पिनचा मोबाइल चार्जर तिथल्या सॉकेटात बहुतेक वेळा बसतो, लॅपटॉपची तीन पिनची वायर असेल तर मात्र अ‍ॅडॉप्टर न्या.

आता खायचं काय न्यावं, हा आपला आवडता विषय. युरोपियन युनियनबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, पनीर, तुपाची बरणी यांचं नावच सोडा, सुकटीची गोष्ट निराळी, माशाचे नियम वेगळे आहेत. ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, त्यामुळे हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता घरीच ठेवा. सूट असलेली फळं मोजकी आहेत, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे रावेर-यावलची केळी कायद्याने नेता येतात, आता अठरा-वीस तासांच्या प्रवासात बॅगेत तिचं काय होईल ते ज्याचं त्याने बघावं. त्यापेक्षा केळीचे वेफर्स, खाकरे, बिबडे, जाड शेव, लसणाची कोरडी चटणी आणि शेंगदाण्याची चटणी न्या. चटणी डबल पिशवीत, आणि चेक-इन बॅगेत. हॉटेलच्या खोलीत किटली असली तर इन्स्टंट पोहे-उपमा एका संध्याकाळी तारून नेतात, पण रोज तेच खाणार असाल तर मग एवढ्या लांब गेलात कशाला.

कपड्यांबद्दल एकच, छत्री नको, वारा तिचे तुकडे करतो. टोपीवालं पावसाळी जॅकेट घ्या. जुलैतही अंगावर एक लेअर लागतो. बूट चालायचे हवेत, प्रेझेंटेशनचे कडक बूट घालून दगडी रस्त्यावर तासभर चाललात तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पाय बोलतात.

कोणत्या महिन्यात जाताय त्यावर सगळं

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे साडेचारला परत हजर. डिसेंबरात सकाळी साडेआठनंतर उजाडतं आणि दुपारी पावणेचारच्या आत अंधार. म्हणजे जूनमध्ये ऑफिस सुटल्यावर तुमच्याकडे सहा तासांचा उजेड शिल्लक असतो आणि डिसेंबरात शून्य. मे ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर संध्याकाळ बाहेर, पाण्याच्या कडेने काढा. हिवाळ्यात जाणार असाल तर आतल्या जागा आणि टिव्होली बाग धरा. उन्हाळ्यात डोळ्यावरची पट्टी न्या, हॉटेलचे पडदे कितीही जाड असले तरी फटीतून ऊन येतंच आणि वेळेचाही फरक असतो, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. याचा एक फायदा, आपल्याला पहाटे आपोआप जाग येते, तेव्हा उठून चालायला जा, शहर रिकामं मिळतं.

इकडून तिकडे

एअरपोर्टच्या टर्मिनल तीनमधूनच मेट्रो मिळते, एम-२ लाइन, पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यात. चोवीस तास चालते. ड्रायव्हर नाही, त्यामुळे सगळ्यात पुढच्या काचेजवळची सीट मिळाली तर बोगद्याचा सिनेमा फुकट. आत शिरायला गेट-बिट काही नाही, आणि हाच खरा धोका आहे, कोणी अडवत नाही म्हणून आपण तसेच चढतो आणि तपासनीस आला की दंड चांगलाच सणसणीत. दोन-तीन दिवसांचं काम असेल तर सिटी पास स्मॉल घ्या, झोन १ ते ४ म्हणजे एअरपोर्टसकट शहर, मेट्रो-बस-लोकल आणि बोट सगळं त्यात. प्रदर्शन बेला सेंटरला असेल तर एम-१ लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे, हॉटेल त्या लाइनवर बघा, टॅक्सीच्या नादी लागू नका, टॅक्सीचं बिल बघून अकाउंट्सवाले तुम्हाला फोन करतील.

बोट म्हणालो ना, ती ही. हार्बर बस, नंबर ९९१ आणि ९९२, पिवळी, बॅटरीवर चालणारी, बसचंच तिकीट चालतं. टूरिस्टांच्या कॅनाल टूरला वेगळे पैसे पडतात, त्यात तासभर गाइड बोलतो आणि छोट्या कालव्यांतून नेतात, तीही चांगली आहे. पण ऑफिस सुटल्यावर थकलेलं असताना मला ही पिवळी बोट जास्त आवडते. रॉयल लायब्ररीपाशी चढायचं, ती काळ्या काचेची तिरकी इमारत, तिला ब्लॅक डायमंड म्हणतात, मागच्या उघड्या भागात उभं राहायचं. शेजारी सायकल घेऊन ऑफिसातून घरी चाललेली मंडळी असतात, कोणाच्या पिशवीत भाजी, कोणाच्या कडेला पोरगं. डावीकडे न्यूहाउनची रंगीत घरं, समोर ऑपेरा हाउस, आणि मोटारीचा आवाजच नाही, फक्त पाणी कापल्याचा. नॉर्ड्रे टोल्डबोडला उतरलं की दहा-पंधरा मिनिटं चालून लिटल मर्मेड, म्हणजे जलपरीचा पुतळा.

सायकलचं सांगणं गरजेचं आहे. फुटपाथ आणि रस्त्याच्या मध्ये सायकलची स्वतंत्र लेन असते, फोटो काढता काढता आपण हमखास तिच्यात उतरतो आणि मागून घंटी वाजते, नुसती वाजत नाही, चांगली खणखणीत वाजते. बसमधून उतरताना पण बघून उतरा. भाड्याने सायकल घ्यायची असेल तर खुशाल घ्या, अ‍ॅपवर मिळतात, पण उजव्या बाजूने चालवायची, थांबताना हात वर करायचा, वळताना हात बाहेर काढायचा, आणि डावीकडे वळायचं असेल तर चौकात मध्ये घुसायचं नाही, आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे थांबायचं, मग सिग्नल मिळाला की जायचं. सकाळी आठ ते नऊच्या गर्दीत पहिल्यांदा सायकल चालवायचा प्रयोग करू नका. आणि रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला लोक पायी पण थांबतात. आपणही थांबायचं, क्लायंट शेजारी असेल तर नक्कीच.

संध्याकाळी काय बघायचं

पहिली संध्याकाळ, विमानातून उतरून डोकं जड असतं तेव्हा, न्यूहाउनपासून सुरू करा. कॉन्गेन्स न्यूटोर्व मेट्रोला उतरलं की समोरच. सतराव्या शतकात खणलेला कालवा, दोन्ही बाजूंना रंगीत घरं, परीकथावाला हान्स ख्रिस्तियन अँडरसन इथे वेगवेगळ्या काळात २०, ६७ आणि १८ नंबरच्या घरांत राहिला. फोटो काढा, पण तिथे जेवू नका, कालव्याला लागून असलेल्या टेबलाचे पैसे बिलात असतात. पुढे पाण्याच्या कडेने चालत अमालियनबोर्ग राजवाड्याच्या चौकातून लिटल मर्मेडपर्यंत जाता येतं, अर्धा-पाऊण तास. पुतळा १९१३ चा, सव्वा मीटरचा. लोक निराश होतात, एवढीशीच? हो, एवढीशीच. पण रस्ता सुंदर आहे, आणि घरी विचारणारच आहेत बघितली का म्हणून.

टिव्होली सेंट्रल स्टेशनच्या दारातच आहे. १८४३ पासूनची बाग, पाळणे, १९१४ चा लाकडी रोलरकोस्टर जो अजून चालतो आणि त्याच्यावर ब्रेक मारायला गाडीत माणूस बसलेला असतो. आत जायचं तिकीट वेगळं आणि पाळण्यांचं वेगळं, नुसतं आत जाऊन बसलात तरी पैसे वसूल, दिवे लागल्यावर बघायचं. वर्षभर उघडी नसते, उन्हाळा, हॅलोवीन आणि ख्रिसमस असे सीझन असतात, तारखा आधी बघून घ्या. उन्हाळ्यात शुक्रवारी आत गाण्यांचे मोठे कार्यक्रम असतात, त्या दिवशी गर्दी.

उंचावरून शहर बघायचं तर क्रिस्तियान्सबोर्गचा टॉवर, तिथली संसद ज्या इमारतीत आहे तिचा, शहरातला सगळ्यात उंच आणि फुकट. सुरक्षा तपासणी असते, लिफ्ट आहे, सोमवारी बंद. रुंडेटॉर्न म्हणजे गोल बुरूज तिकिटाचा आहे पण त्याची गंमत वेगळी, १६४२ चा, शेवटच्या थोड्या सोडल्या तर आत पायऱ्याच नाहीत, साडेसात वेढ्यांचा चढ आहे, रशियाचा झार पीटर १७१६ मध्ये घोड्यावर बसून वर गेला होता. गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपतो. वॉर फ्रेल्सर्स चर्चचा सोनेरी मळसूत्री कळस मात्र धीट लोकांसाठी, चारशे पायऱ्या आणि शेवटच्या दीडशे बाहेरून, वारा अंगावर घेत.

कमी लोकांना माहीत असलेली एक जबरी गोष्ट, लुइझियाना. मॉडर्न आर्टचं म्युझियम, हुम्लेबेक नावाच्या गावात, सेंट्रल स्टेशनवरून रेल्वेने पस्तीस-चाळीस मिनिटं. बाकी म्युझियम पाचला शटर ओढतात आणि हे मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत उघडं. ऑफिस सुटून निघालात तरी चार तास मिळतात. मागे लॉन, लॉनवर शिल्पं, खाली समुद्र, पलीकडे स्वीडनचा किनारा. मॉडर्न आर्ट कळत नसेल तरी जा, मलाही फारसं कळत नाही.

आणि आपल्या साक्री-नंदुरबारकडचे पवनचक्कीवाले कोणी असतील तर त्यांनी एक संध्याकाळ अमागर स्ट्रँडला काढा, एअरपोर्टच्याच मेट्रो लाइनवर आहे. समुद्रात ओळीने वीस पवनचक्क्या दिसतात, मिडलग्रुंडन, २००० साली उभारलेल्या, प्रत्येकी २ मेगावॉटच्या. त्यातल्या निम्म्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या लोकांच्या सहकारी संस्थेच्या, साध्या नागरिकांनी शेअर घेऊन उभ्या केलेल्या. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या बघत मोठे झालेल्यांना हे ऐकून पुष्कळ काही आठवेल, जमिनीचे व्यवहार धरून. तिथल्याच बाजूला कचरा जाळून वीज करणारा अमागर बाके नावाचा कारखाना आहे ज्याच्या छपरावर स्कीइंगचा उतार बांधलाय. इंजिनियर माणसाला टिव्होलीपेक्षा हे जास्त आवडतं, असा माझा अनुभव.

शनिवार मिळाला तर

सकाळी साडेअकराला रोझेनबोर्ग राजवाड्यापासून पहारेकऱ्यांची तुकडी निघते, डोक्यावर अस्वलाच्या केसांच्या टोप्या, आणि बाराला अमालियनबोर्गला बदली होते. रोझेनबोर्गच्या तळघरात राजमुकुट आहेत, बाहेरची बाग फुकट. जवळच डाविड्स सामलिंग, तेही फुकट, इस्लामी कलेचा संग्रह, त्यात मुघल आणि दख्खनी लघुचित्रं आहेत. दख्खनचं काम एवढ्या लांब बघायला मिळतं, शांतपणे, गर्दी नसते.

भारताशी यांचा संबंध जुना आहे. तमिळनाडूतलं तरंगमबाडी १६२० ते १८४५ डॅनिश लोकांकडे होतं, तिथला डॅन्सबोर्ग किल्ला त्यांचाच, आणि बंगालमधलं श्रीरामपूरही १८४५ पर्यंत त्यांच्याकडे, मग दोन्ही इंग्रजांना विकून टाकलं. राष्ट्रीय संग्रहालयात वसाहतींवरचं दालन आहे. शहरातल्या क्रिस्तियान्सहाउन भागात पाण्याकाठी त्यांच्या एशियाटिक कंपनीची जुनी गोदामं अजून उभी आहेत, आता तिथे परराष्ट्र खातं बसतं. क्लायंटबरोबर जेवताना बोलायला हा चांगला विषय आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तरंगमबाडी माहीत नसते.

शहराबाहेर जायचं तर तीन पर्याय. हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग किल्ला, शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकातला म्हणून प्रसिद्ध. रोस्किल्डे, जिथे १९६२ मध्ये पाण्यातून काढलेली पाच व्हायकिंग जहाजं ठेवलीत. नाहीतर ओरेसुंड पुलावरून स्वीडनमधलं माल्मो, पूल २००० साली सुरू झाला, रेल्वेने पाऊणएक तासात दुसरा देश. पासपोर्ट खिशात हवाच, तपासतात. माल्मोला फलाफल मस्त आणि स्वस्त मिळतं, शाकाहारी माणसाने तेवढ्यासाठी गेलं तरी चालेल.

आता पोटाचं

खर्चाचा अंदाज घ्या आधी. कॉफी ३५ ते ५० क्रोनर, स्ट्रीट फूडची एक प्लेट शंभर-दीडशे, बसून रात्रीचं साधं जेवण अडीचशे-चारशे माणशी. रुपयात मोजायचं पहिल्या दिवशीच बंद करा, नाहीतर घास उतरत नाही. टिप द्यावी लागत नाही, बिलातच सगळं आलं. नळाचं पाणी उत्तम, बाटली विकत घेऊ नका. घेतलीच तर तिच्यावर डिपॉझिट असतं, दीड किंवा तीन क्रोनर, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये रिकामी बाटली टाकली की परत मिळतं.

माझा सल्ला असा की मुख्य जेवण दुपारी करा. ऑफिसच्या कँटीनमध्ये बुफे असतो आणि तो खरंच चांगला असतो. त्यांचं रुगब्रोड म्हणजे राईचा काळपट, जड, आंबूस ब्रेड, पहिल्या घासाला अनोळखी लागतो पण कळण्याची भाकरी खाल्लेल्या माणसाला तो दोन दिवसांत पटतो. त्यावर लोणी, चीज, काकडी, उकडलेला बटाटा, बाजूला बीट आणि लाल कोबी. आमच्यातले एक अप्पा माळकरी आहेत, अंडंसुद्धा नाही, ते अशाच एका कँटीनमध्ये पोट भरून जेवले, वर लसणाची चटणी लोण्यावर पसरून. जेवण झाल्यावर ताट तिथेच सोडून हात धुवायला निघाले, तर समोर बसलेल्या एम.डी.ने स्वतःचं ताट उचललं, उरलेलं एका डब्यात झाडलं, चमचे वेगळ्या खान्यात, ग्लास वेगळ्या खान्यात लावले, आणि फडकं घेऊन टेबलावरचे ब्रेडचे कण पण पुसले. अप्पा परत फिरले आणि गुपचूप आपलं ताट उचललं. तिथे सगळे असंच करतात, तुम्ही पाहुणे असलात तरी.

आणखी एक, आग्रह नावाचा प्रकार तिथे नाही. आपल्याकडे दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटात पडतंच. तिथे एकदा नको म्हणालात की विषय संपला, परत कोणी विचारणार नाही, आणि त्यात त्यांना उद्धटपणा वाटत नाही, तुमचा शब्द त्यांनी खरा मानला एवढंच. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. दारू नको असेल तर तेही एकदाच सांगा, कारण द्यावं लागत नाही, कोणी मागे लागत नाही. ग्लास उचलून स्कोल म्हणतात तेव्हा पाण्याचा ग्लास चालतो, फक्त समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, आधी आणि नंतर. घरी जेवायला बोलावलं तर बूट दारात काढा आणि सातला बोलावलं तर सातलाच पोचा, पावणेसातला नाही आणि सव्वासातला तर नाहीच. सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, साहेब-सर म्हणालात तर त्यांना अवघडल्यासारखं होतं.

स्मॉरेब्रॉड हे त्यांचं खास. त्याच रुगब्रोडचा एक तुकडा आणि त्यावर रचलेलं सगळं, वर दुसरा ब्रेड नाही, हाताने नाही तर काट्या-सुरीने खायचं. हे दुपारचं खाणं आहे, स्मॉरेब्रॉडची बरीच जुनी ठिकाणं संध्याकाळी बंदच असतात. व्हेजवाल्यांनी कार्टोफेलमाड मागा, बटाट्याचे काप, मेयॉनीज, तळलेला कांदा आणि हिरवी पात. मेयॉनीजमध्ये अंडं असतं आणि कधी कधी वरून बेकनचे तुकडे भुरभुरतात, आधीच विचारा. मासे खाणाऱ्यांची मजा आहे, तळलेला प्लेस मासा लिंबू आणि रेमुलाड नावाच्या सॉसबरोबर अप्रतिम. मुरवलेला हेरिंग गोडसर लागतो, एक तुकडा चाखून मग ठरवा.

सापळे सांगतो. मेनूवर कारी लिहिलेलं दिसलं की आपल्याला हायसं वाटतं, पण बोलर इ कारी म्हणजे सौम्य पिवळ्या रश्शातले डुकराच्या मांसाचे गोळे. फ्रिकाडेलर पण तेच, गोळे. हॉटडॉगच्या गाडीवरचा तो लाल सॉसेज पण डुकराचा. स्टेग्ट फ्लेस्क ही तर त्यांची राष्ट्रीय डिश, २०१४ मध्ये मतदान घेऊन निवडलेली, डुकराच्या पोटाकडच्या चरबीदार मांसाचे कुरकुरीत काप. फ्लेस्क किंवा स्विने दिसलं की डुक्कर, ऑक्से म्हणजे गाय-बैल, क्यलिंग म्हणजे कोंबडी. मोबाइलचा कॅमेरा मेनूवर धरून भाषांतर करून घ्या, लाजायचं काही कारण नाही. आणि "मी व्हेजिटेरियन आहे" एवढंच सांगून थांबू नका, बरेच जण मग मासा आणून ठेवतात. मासा नको, अंडं नको, असं एकेक सुटं सांगा. मीटिंगच्या आमंत्रणाला उत्तर देतानाच ईमेलमध्ये लिहिलं तर उत्तमच, तिथे हे मनापासून पाळतात.

व्हेजवाल्यांसाठी भरवशाची जागा टोर्वेहॅलर्ने, नॉरेपोर्ट स्टेशनच्या बाहेर काचेच्या दोन मार्केट हॉल, भाजी, चीज, ब्रेड, कॉफी, मेक्सिकन टाको सगळं. तिथेच ग्रोड नावाचं लापशीचं दुकान आहे, सकाळी ओटची गरम लापशी, आणि मेनूत डाळही असते. फोडणी-बिडणीची अपेक्षा नको पण गरम आणि पातळ काहीतरी पोटात जातं, चौथ्या दिवशी याची किंमत कळते. उन्हाळ्यात रेफेन, जुन्या जहाजाच्या यार्डातलं मोठं स्ट्रीट फूड मार्केट, पिवळ्या बोटीने जाता येतं, तिथे जगभरचे स्टॉल, व्हेज भरपूर आणि उन्हात बसून खायचं. गोल बुरुजाजवळच्या ऑरगॅनिक हॉटडॉगच्या गाडीवर वीगन सॉसेज पण मिळतं. इंडियन रेस्टॉरंट वेस्टरब्रो भागात सापडतील, बटर चिकन-नानवाली पंजाबी छापाची. शेवभाजी शोधत बसू नका.

बेकरी मात्र सोडू नका. सांक्ट पेडर्स बागेरी १६५२ पासूनची, बुधवारी तिथे मोठ्ठे दालचिनीचे रोल करतात, ओन्सडाग्सस्नेगल, कमी दरात, रांग लागते, आठच्या आत गेलात तर गरम मिळतो आणि मीटिंगला पण वेळेत पोचता. वेलदोड्याचे बन पण मागा, आपल्या जिभेला लगेच जवळचे वाटतात. अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्या.

रात्री क्लायंट घेऊन जाणार नसेल तर सातला जेवून घ्या, शुक्रवार-शनिवारी टेबल बुक करून. नेट्टो, रेमा ही सुपरमार्केट रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, दही, फळं, ब्रेड, हमस घेऊन खोलीत बसलं तरी शंभर क्रोनरच्या आत भागतं.

घरच्यांसाठी काय आणायचं

स्ट्रॉगेट म्हणजे एक किलोमीटरहून जास्त लांबीचा पायी फिरायचा बाजार, १९६२ पासून गाड्यांना बंद. लेगो डेन्मार्कचाच, पण किंमत बघून मग हात घाला. स्वस्तात काम करायचं तर फ्लायिंग टायगर नावाचं दुकान, तेही तिथलंच. भाचे-पुतणे, ऑफिस, शेजारचे, सगळ्यांचं एका टोपलीत होतं. एका दुकानात ३०० क्रोनरच्या वर खरेदी झाली तर टॅक्स-फ्रीचा फॉर्म मागा, तिथला व्हॅट २५ टक्के आहे, त्यातला बराच भाग परत मिळतो. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग चेक-इनला सोडायच्या आधी ते काम उरका. मुंबईकडे यायचं विमान दुबई-दोहामार्गे असेल तर पासपोर्ट कंट्रोल ओलांडून सी गेटकडे जावं लागतं आणि तिथे संध्याकाळी रांग वाढते, तीन तास हातात ठेवा. फ्लाइट पहाटेची असली तरी टॅक्सी सांगायची गरज नाही, मेट्रो रात्रभर चालू असते.